आधी फोन, मग फलक: अमेरिकेतील छोटे वकिली कार्यालय स्पॅनिश भाषक अशिलांपर्यंत कसे न्यावे

भारतात वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिलने 2008 मध्ये दिलेली सवलतही संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढी मोजकी माहिती देण्यापुरतीच आहे. अमेरिकेत मात्र 1977 च्या बेट्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या जाहिरातीवरील सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि तेव्हापासून बसच्या पाठीवरही वकिलाचा चेहरा दिसू लागला. 2020 च्या जनगणनेत तेथील हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक देशांशी मुळे जोडलेली, लोकसंख्या 6 कोटी 21 लाख भरली. न्यू जर्सीतील एडिसनसारख्या, मराठी माणसांचा राबता असलेल्या गावात कार्यालय थाटलेल्या वकिलाला हे अशील शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही, कारण पर्थ अँबॉय आणि न्यू ब्रन्सविक जवळच आहेत. पण बहुतेक जण सुरुवात फलकापासून करतात आणि तिथेच गाडी अडते. स्पॅनिशमधील जाहिरात म्हणजे स्पॅनिशमध्ये काम होईल, असे दिलेले वचन असते. म्हणून पुढील क्रम मुद्दाम उलटा आहे.

सर्वप्रथम आपल्या परिसरातील स्पॅनिश भाषक नेमके कुठून आले आहेत, हे पाहावे. पोर्टो रिकोचे लोक 1917 पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यामुळे त्यांच्या वस्तीत व्हिसा आणि ग्रीन कार्डाची पत्रके वाटणे व्यर्थ आहे. त्यांना अपघात, घरभाडे किंवा मुलांचा ताबा यांसाठी वकील लागतो. क्यूबातून आलेल्यांना ग्रीन कार्ड मिळण्यासाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. न्यू ब्रन्सविकमध्ये मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. वाहाका आणि ग्वातेमाला या भागांतील काही माणसांची मातृभाषा झापोतेक, मिश्तेक किंवा माम असते, आणि स्पॅनिश ही त्यांचीही शिकलेली भाषा असते. समोरची व्यक्ती प्रत्येक प्रश्नाला नुसतेच ‘सी, सी’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणत असेल, तर तिला सगळे समजले आहे असे गृहीत धरू नये.

दुसरी पायरी फोनची, आणि सर्वाधिक वेळ द्यावा तो इथेच. बांधकामावरील कामगार दुपारच्या सुट्टीत, हातात जेवणाचा डबा असताना फोन करतो. पलीकडून इंग्रजी ध्वनिमुद्रित संदेश ऐकू आला की तो काही न बोलता फोन ठेवतो आणि यादीतील पुढच्या वकिलाकडे वळतो. आठवडाभर आपल्याच कार्यालयाला दुपारी बारा ते एकच्या दरम्यान एखाद्या स्पॅनिश भाषक मित्राकडून फोन करवून पाहावा. निकाल बहुधा लाजवणारा असतो. फोन उचलणारी व्यक्ती स्पॅनिश बोलणारी हवीच, शिवाय काय बोलायचे नाही हेही तिला ठाऊक हवे, कारण ‘तुमची केस पक्की आहे’ असे तिने सांगणे हा परवान्याविना दिलेला कायदेशीर सल्ला ठरू शकतो आणि त्याची जबाबदारी वकिलावर येते. अशिलाने दहा वर्षांच्या मुलाला दुभाषी म्हणून सोबत आणले, तर त्याला बाहेर खेळू द्यावे आणि प्रशिक्षित दुभाषी बोलवावा. अमेरिकन बार असोसिएशनच्या 2021 च्या 500 क्रमांकाच्या अभिप्रायानुसार, अशिलाला समजेल असा संवाद साधण्याची तजवीज करणे हे वकिलाचेच कर्तव्य आहे.

नोंदणीच्या अर्जातही एक खाच आहे. स्पॅनिश नावात दोन आडनावे असतात आणि पहिले सहसा वडिलांचे असते. आमच्या कार्यालयात गार्सिया लोपेझ यांची फाइल कोणीतरी ‘लोपेझ’खाली लावली होती, आणि ती सापडेपर्यंत त्या बाई अर्धा तास बाकावर बसून होत्या. तेव्हापासून अर्जावर दोन आडनावांसाठी दोन वेगळे रकाने आहेत.

यानंतर शब्द. संकेतस्थळाचा मजकूर यंत्राकडून भाषांतरित करून तसाच चढवू नये. वकिली संस्थेसाठी ‘फिर्मा’ लिहिले, तर वाचणाऱ्याला आधी सही आठवते. मेक्सिकोचा माणूस ‘देस्पाचो’ म्हणतो, इतर अनेक ठिकाणी ‘बुफेते’ चालते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोक अर्जांची अधिकृत नावे घेत नाहीत. ग्रीन कार्ड म्हणजे ‘मिका’, बेकायदा वास्तव्याबद्दलची माफी म्हणजे ‘पेर्दोन’, विमा म्हणजे ‘असेगुरान्सा’, आणि सगळ्या खटाटोपाचे नाव ‘आर्रेग्लार पापेलेस’, म्हणजे कागदपत्रे मार्गी लावणे. इंटरनेटवर शोधतानाही ते हेच शब्द टंकतात, तेही बहुधा स्वरचिन्हे न देता. मजकुरात अशिलाला ‘तू’ नव्हे, तर आदरार्थी ‘उस्तेद’ वापरणे सुरक्षित.

एक शब्द मात्र कटाक्षाने टाळावा, तो म्हणजे ‘नोतारिओ’. आपल्याकडे नोटरी होण्यासाठी वकिलीचा अनुभव लागतो, त्यामुळे हा गोंधळ मराठी वाचकाला चटकन उमगेल. लॅटिन अमेरिकेत नोतारिओ हा मोठा कायदेतज्ज्ञ असतो, तर अमेरिकेतील नोटरी मुख्यतः सह्यांची खातरजमा करतो. या फरकाचा फायदा घेऊन अनेक भामट्यांनी स्थलांतरितांचे पैसे आणि खटले दोन्ही बुडवले आहेत. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये नोटरीने स्वतःला नोतारिओ म्हणवणे कायद्यानेच निषिद्ध आहे. आपण परवानाधारक ‘अबोगादो’, म्हणजे वकील, आहोत, हे परवान्याच्या राज्यासह ठळकपणे लिहावे.

जाहिरातीचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून आपल्या राज्याचे नियम स्वतः वाचावेत. न्यूयॉर्कमध्ये संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर ते वकिलाची जाहिरात असल्याचे लिहावे लागते. कॅलिफोर्नियात बोलणी मुख्यतः स्पॅनिशमध्ये झाली असतील, तर सही घेण्यापूर्वी फीच्या कराराचे स्पॅनिश भाषांतर द्यावे लागते. माझ्या मते कायदा सांगो वा न सांगो, ते सर्वत्र द्यावे. ‘आब्लामोस एस्पान्योल’, म्हणजे आम्ही स्पॅनिश बोलतो, असे लिहिताना स्पॅनिश केवळ सहायकाला येत असेल, तर तसे स्पष्ट करावे, अन्यथा ती दिशाभूल ठरू शकते.

एवढे झाल्यावरच पैसे खर्च करावेत. गूगलवरील व्यवसायाची नोंद स्पॅनिश वर्णनासह पूर्ण करावी, संकेतस्थळावरील स्पॅनिश पानांना इंटरनेटवरचा वेगळा पत्ता द्यावा आणि व्हॉट्सॲपचा क्रमांक ठळक ठेवावा. रेडिओ महाग पडतो. छोट्या कार्यालयाने त्याऐवजी पानादेरिया, म्हणजे बेकरी, आणि धुलाई केंद्र यांच्या सूचनाफलकांवर, तसेच स्पॅनिश प्रार्थना होणाऱ्या चर्चमध्ये परवानगीने मोफत माहितीसत्र घेण्यावर भर द्यावा. सत्रात विषय एकच ठेवावा, उदाहरणार्थ, अपघात झाल्यावर पहिल्या दिवशी काय करावे.

प्रत्येक नव्या माणसाला ‘आमच्याकडे कोणी पाठवले?’ असे विचारून उत्तर वहीत टिपावे. ‘चर्चमधल्या एका बाईंनी’ हे उत्तर वारंवार आले, तरी त्या बाईंना दलाली देण्याचा मोह आवरावा, कारण अशील आणून दिल्याबद्दल पैसे देण्यास वकिली आचारनियमांची मनाई आहे. फोन करून आभार मानायला कसलीच हरकत नाही. आणि काम संपल्यावर मूळ जन्मदाखले व विवाहाचे दाखले परत करताना सोबतचे पत्र स्पॅनिशमध्ये असावे, कारण ते पत्र घरातील चार माणसे वाचतात.