चर्चिलची ठिकाणं: कुठून सुरुवात करावी आणि वेळ कुठे वाया जातो

चर्चिलच्या आयुष्याशी जोडलेल्या जागा बघायच्या ठरल्या की बहुतेक जण जन्मापासून सुरुवात करतात. आधी ब्लेनहाइम, मग चार्टवेल, शेवटी लंडनचा बंकर. चरित्रात हा क्रम शोभतो, प्रवासात मात्र तो महागात पडतो. ब्लेनहाइम लंडनच्या वायव्येला ऑक्सफर्डशायरमध्ये आहे आणि चार्टवेल आग्नेयेला केंटमध्ये. दोन्ही एकाच दिवसात उरकायला गेलात तर दिवस गाडीत जातो आणि दुसऱ्या ठिकाणी दार बंद व्हायच्या वेळेला पोचता. तीन वेगळे दिवस काढा आणि पहिला लंडनला द्या. ब्लेनहाइमला तो जन्मला, चार्टवेलला त्याने तीसचं दशक सत्तेबाहेर काढलं. १९४० ते १९४५ मधला पंतप्रधान यातल्या कुठल्याच घरात नीट सापडत नाही. तो सापडतो व्हाइटहॉलच्या, म्हणजे लंडनमधल्या सरकारी कचेऱ्यांच्या भागातल्या, तळघरात.

पहिला दिवस: तळघर

चर्चिल वॉर रूम्स, म्हणजे हेच तळघर, ही इम्पीरियल वॉर म्युझियमची शाखा आहे आणि पहिला घोळ इथेच होतो. त्याच संस्थेचं लॅम्बेथचं मोठं संग्रहालय फुकट आहे, त्यामुळे लोक इथेही तिकिटाशिवाय येतात किंवा थेट लॅम्बेथलाच जाऊन उभे राहतात. वॉर रूम्सचं तिकीट प्रौढांना ३० पौंडांच्या पुढे आहे आणि ते वेळ ठरवून ऑनलाइन काढायचं असतं. शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. बोळ अरुंद आहेत. अकरानंतर प्रत्येक काचेपुढे दोन-दोन रांगा लागतात.

वेस्टमिन्स्टर स्टेशनावर उतरून ग्रेट जॉर्ज स्ट्रीटने सेंट जेम्स पार्कच्या दिशेने चालत राहा आणि कोपऱ्यावर उजवीकडे हॉर्स गार्ड्स रोडला वळा. दार उजव्या हाताला, क्लाइव्ह स्टेप्सच्या पायथ्याशी आहे. पायऱ्यांच्या वर पुतळा उभा आहे तो प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा. भारतीय माणसाला आत शिरण्याआधीच एवढी आठवण पुरते.

ही तळघरं २७ ऑगस्ट १९३९ला, म्हणजे युद्ध पुकारण्याच्या आठवडाभर आधी, सुरू झाली आणि १६ ऑगस्ट १९४५ला दिवे मालवून बंद झाली. लोकांसाठी ती १९८४मध्ये उघडली. युद्धमंत्रिमंडळाच्या ११५ बैठका इथे झाल्या. मंत्रिमंडळाची खोली सुरुवातीलाच लागते. घड्याळ पाचला दोन मिनिटं कमी दाखवतं: १५ ऑक्टोबर १९४०, पाचची बैठक सुरू व्हायच्या बेतात. चर्चिलच्या लाकडी खुर्चीचे हात बघा. नखांनी आणि बोटातल्या अंगठीने ओरखडून ओरखडून टोकांवर चरे पडलेत. काचेआडून ते पटकन दिसत नाहीत, थोडं वाकावं लागतं.

त्याच बोळात संडासासारखं एक दार आहे, ‘रिकामं’ आणि ‘आत कोणी आहे’ अशी फिरती कडी लावलेलं. पंतप्रधानांना खास संडास मिळाला, अशी तिथल्या कर्मचाऱ्यांची समजूत होती. आत होता रूझवेल्टशी बोलायचा टेलिफोन. आवाज सांकेतिक करणारी यंत्रणा एवढी अवजड होती की ती ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या सेल्फ्रिजेस दुकानाच्या तळघरात ठेवावी लागली.

खरी गडबड पुढे होते. मधल्या भागात चर्चिलवरचं वेगळं संग्रहालय आहे, २००५मध्ये जोडलेलं. त्यातलं लांबलचक डिजिटल टेबल त्याच्या आयुष्याचं वर्षवार दफ्तर उघडून दाखवतं आणि लोक तिथे तासभर रुतून बसतात. मग मॅप रूमपुढे पोचेपर्यंत पाय दुखत असतात आणि ती पाच मिनिटांत मागे टाकली जाते. असं करू नका. संग्रहालयाला अर्धा-पाऊण तास, मॅप रूमला निवांत वीस मिनिटं. ही खोली १९४५मध्ये माणसं उठून गेली तशीच आहे. अटलांटिकच्या नकाशावर जहाजांच्या ताफ्यांसाठी टाचण्या इतक्या वेळा टोचल्यात की समुद्राचा कागद चाळण झालाय. एका अधिकाऱ्याच्या टेबलात रेशनच्या साखरेचे चौकोनी खडे सापडले होते, तेही जपून ठेवलेत. बोळातल्या हवामानाच्या पाटीवर ‘वादळी’ असं लावलेलं असलं की वर जोरदार बॉम्बफेक चालू आहे, असा तिथला विनोद होता. चर्चिलची झोपायची खोलीही आहे, पण रात्री तो तिथे फारच क्वचित, तीनेकदाच झोपला.

एकूण दोन तास धरा, ध्वनिमार्गदर्शक पूर्ण ऐकणार असाल तर अडीच. तिकिटाचा क्यूआर कोड बाहेर असतानाच फोनमध्ये उतरवून ठेवा; तळघरात नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

एक गोष्ट मात्र घरूनच वाचून जावी: १९४३चा बंगालचा दुष्काळ. अंदाजे ३० लाख माणसं त्यात गेली, आणि धान्यासाठी जहाजं द्या या भारतातून आलेल्या मागण्या हेच युद्धमंत्रिमंडळ टाळत किंवा कापत होतं. ते माहीत असलं की जहाजांच्या टाचण्यांचा तो नकाशा वेगळा दिसतो.

त्याच दिवशी, चालत

बाहेर पडल्यावर पाच मिनिटांवर पार्लमेंट स्क्वेअर. जाड फौजी कोट घातलेला, काठीवर रेललेला चर्चिल १९७३पासून संसदेकडे तोंड करून उभा आहे. त्याच चौकात २०१५पासून गांधीजीही आहेत. ‘अर्धनग्न’ म्हणून ज्यांना हिणवलं त्यांच्याबरोबर एकच हिरवळ वाटून घ्यायची वेळ आली, हे बघायला तिकीट लागत नाही.

समोरच्या संसदेत सहल घ्यायची तर शनिवार धरा. इतर दिवशी ती अधिवेशन नसतानाच मिळते. १० मे १९४१च्या रात्री बॉम्बने कॉमन्सचं सभागृह उद्ध्वस्त झालं. पुन्हा बांधताना भाजलेल्या, तडकलेल्या दगडांची कमान तशीच ठेवा, असा आग्रह चर्चिलचा होता. सभागृहाच्या दाराशी ती अजून आहे आणि शेजारी त्याचा ब्राँझचा पुतळा. नशीब उघडावं म्हणून खासदार जाता-येता पुतळ्याच्या पायाला हात लावत. त्यामुळे पाऊल झिजून चकचकीत झालंय.

वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पश्चिम दारापाशी जमिनीत हिरव्या संगमरवराची त्याच्या नावाची फरशी आहे. फक्त तिच्यासाठी ॲबेचं महागडं तिकीट काढू नये. ॲबे बघणारच असाल तर जाता जाता दिसेल.

डाउन स्ट्रीट हे मेफेअरमधलं, भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनवरचं स्टेशन १९३२मध्ये बंद झालं. १९४०च्या बॉम्बफेकीत चर्चिल काही रात्री तिथे राहिला. एरवी बाहेरून लालसर गडद टाइल्सचं तोंड तेवढं दिसतं. आत जायचं तर लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या ‘हिडन लंडन’ सहलीत जागा मिळवावी लागते. तिकिटं ठरावीक तारखांना विक्रीला येतात आणि भराभर संपतात, तेव्हा त्यांची ईमेल यादी आधी लावून ठेवा आणि बाकीचा कार्यक्रम त्या तारखेभोवती बसवा. खाली उतरायला जिना आहे, लिफ्ट नाही; बूट सपाट तळव्याचे हवेत.

ब्लेनहाइम आणि ब्लेडन

१९६५मध्ये चर्चिलची अंत्ययात्रेची रेल्वे वॉटर्लूहून ब्लेनहाइमजवळच्या हॅनबरो स्टेशनला गेली. तुम्ही मात्र पॅडिंग्टनहून निघा. हॅनबरोला थेट गाड्या तिथून आहेत आणि सव्वा तासाच्या आसपास लागतो. तिथे थांबणाऱ्या गाड्या कमी आहेत, म्हणून जाताना ऑक्सफर्डला उतरून वुडस्टॉकची, म्हणजे ब्लेनहाइमला लागून असलेल्या गावाची, बस घेणं सोपं पडतं. बसला अर्धा तास.

राजवाडा अफाट आहे आणि चर्चिलसाठी आलेला माणूस त्यात हरवतो. ३० नोव्हेंबर १८७४ला ज्या खोलीत तो अपेक्षेपेक्षा बरेच आठवडे आधी जन्मला, ती तळमजल्यावर, बाकी दिवाणखान्यांच्या मानाने अगदीच साधी. लहानपणी कापलेले त्याचे कुरळे केसही तिथे जपलेत. प्रदर्शन धरून पाऊण तास पुरतो. उरलेला वेळ तळ्याकाठच्या डायना या रोमन देवतेच्या मंदिरासाठी ठेवा. ऑगस्ट १९०८मध्ये तिथे त्याने क्लेमेंटाइनला मागणी घातली. खांबांचं छोटंसं बांधकाम आहे. बागेच्या नकाशावर खूण करून निघालात तरच सापडतं. फक्त बागेचं तिकीट काढलं तर जन्माची खोली बघता येत नाही, कारण ती वाड्यात आहे. जुनी घरं आणि बागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं सभासदत्व इथे चालत नाही.

दुपारी ब्लेडनला निघा. वुडस्टॉकपासून साधारण अडीच किलोमीटर. सेंट मार्टिन चर्चच्या आवारात लोक भव्य समाधी शोधत दोन फेऱ्या मारतात. ती नाही. जमिनीलगत आडवी शिळा, त्यावर नवराबायकोची नावं आणि सालं, १९६५ आणि १९७७. बाजूलाच आई-वडील आणि भाऊ. तिथून हॅनबरो स्टेशन जवळपास तेवढंच लांब, म्हणून परतीची गाडी तिथूनच धरा. पण वेळ सकाळीच बघून ठेवा, एक चुकली तर पुढची लगेच नसते.

चार्टवेल

इथे नेहमी चुकतो तो प्रवास. चार्टवेलला रेल्वे नाही. एडनब्रिज, ऑक्स्टेड किंवा सेव्हनओक्सला उतरून टॅक्सी करावी लागते. एडनब्रिजला दोन वेगळी स्टेशनं आहेत, ‘एडनब्रिज’ आणि ‘एडनब्रिज टाउन’. टॅक्सीवाल्याला नाव पूर्ण सांगा आणि परतीची वेळही तेव्हाच ठरवून टाका, कारण घरापाशी टॅक्सी उभी नसते. स्वस्त रस्ता म्हणजे व्हिक्टोरियाहून ब्रॉम्ली साउथ आणि तिथून २४६ नंबरची लंडनची बस. ती वेस्टरहॅमपर्यंत जाते. उन्हाळ्यातल्या रविवारी आणि सुट्ट्यांना थेट चार्टवेलपर्यंत. इतर दिवशी वेस्टरहॅमहून तीनेक किलोमीटरचा चढउताराचा रस्ता उरतो.

घरात वेळेच्या तिकिटानेच सोडतात. बाग आधी उघडते, म्हणून लवकर पोचा आणि बाग उरकून घरात शिरा. हिवाळ्यात घराच्या वेळा आखूड होतात, तेव्हा निघण्याआधी ‘बाग’ नव्हे, ‘घर’ त्या दिवशी उघडं आहे का ते तपासा.

त्याने हे १९२२मध्ये ५,००० पौंडांना घेतलं. युद्धात ते बहुतेक बंदच होतं, कारण त्याची तळी विमानातून ओळखू येत. ती झाडपाल्याने झाकली होती. भाजीच्या वाफ्यांभोवतीची विटांची भिंत जवळून बघा. तिच्यात बसवलेली पाटी सांगते की १९२५ ते १९३२ या काळात तिचा बराचसा भाग विन्स्टनने स्वतःच्या हाताने बांधला. १९२८मध्ये त्याने गवंड्यांच्या युनियनचं कार्डही काढलं होतं, त्यावरून युनियनमध्येच वाद झाला. बागेच्या खालच्या अंगाला चित्रांचा स्टुडिओ आहे. घर बघून दमलेले लोक तो सोडून देतात, आणि त्याच्या चित्रांचा सगळ्यात मोठा संग्रह नेमका तिथेच आहे.

चेकर्स, म्हणजे पंतप्रधानांचं सुट्टीचं घर, यादीतून खोडून टाका. ते अजून वापरात आहे आणि लोकांना बंद आहे.

इकडच्या दोन जागा

ऑक्टोबर १८९६मध्ये एकवीस वर्षांचा लेफ्टनंट चर्चिल मुंबईत ससून डॉकला उतरला. नाव हेलकावत होती, त्याने धक्क्यावरची लोखंडी कडी पकडली, नाव खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. तो आयुष्यभर दुखत राहिला; १८९८मध्ये सुदानमधल्या ओमदुरमानच्या लढाईत तलवारीऐवजी पिस्तूल वापरावं लागलं ते त्यामुळेच. कुठली कडी, याची खूण नाही, शोधत बसू नका. डॉक चालू असलेलं मासळी बंदर आहे, पहाटे गेलात तर ओल्या पायऱ्यांचा अंदाज आपोआप येतो.

तिथून पलटण पुण्याच्या छावणीमार्गे बेंगळुरूला गेली. बेंगळुरू क्लबच्या जुन्या वहीत बुडीत खात्यावर त्याच्या नावाचे १३ रुपये अजून मांडलेले आहेत. क्लब खासगी आहे. ओळखीचा सभासद बरोबर असला तरच आत जाता येईल, आणि वही दाखवाल का हे त्यालाच आधी विचारून ठेवायला सांगा.