आई-बाबांची अमेरिकेची बॅग: 23 किलोत सगळं कसं बसवायचं

आई-बाबा मुलांकडे अमेरिकेला निघाले की महिनाभर आधीपासून मसाले कुटणं, लाडू वळणं सुरू होतं आणि बॅगा मात्र शेवटच्या दोन दिवसांत भरल्या जातात, मग एअरपोर्टवर काउंटरसमोर बॅग उघडून लोणच्याच्या बरण्या बाहेर काढायची वेळ येते. एवढ्या प्रेमाने केलेलं तिथे टाकून द्यावं लागलं की फार वाईट वाटतं हो. म्हणून आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, या प्रवासात बॅगेत जागा उरते पण वजन संपतं, त्यामुळे सगळा हिशोब वजनाचा.

बऱ्याच इकॉनॉमी तिकिटांवर माणशी दोन बॅगा चालतात, प्रत्येकी 23 किलो. स्वस्तातल्या तिकिटावर कधीकधी एकच मिळते, त्यामुळे तिकीट नीट वाचाच. आणि हो, एक बॅग 20 आणि दुसरी 26 असं सहसा चालवून घेत नाहीत, प्रत्येक बॅग वेगळी मोजतात. मोठ्या बॅगेचं स्वतःचंच वजन चार-पाच किलो असतं म्हणजे तुमच्या हातात खरे 18-19 किलोच राहतात, तेव्हा माळ्यावरची जुनी जाडजूड सुटकेस राहू द्या तिथेच. हुक लावून उचलायचा डिजिटल काटा मिळतो तो आणा, नसेल तर घरातल्या वजनकाट्यावर बॅग घेऊन उभं राहायचं आणि त्यातून आपलं वजन वजा करायचं.

आता खाऊ. कपड्यांच्या आधी खाऊचं ठरवा कारण वजन तोच खातो. लाडू, लोणचं, गूळ हे जड. चिवडा हलका पण जागा खूप घेतो, आणि जागा आपल्याकडे आहे, म्हणून चिवडा बिनधास्त न्या. स्टीलचे डबे घरीच ठेवा, नुसत्या डब्यांचंच किलोभर वजन होतं. चकली मात्र पिशवीत घातली तर पोचेपर्यंत चुरा, ती कडक प्लास्टिकच्या बरणीत उभी रचा आणि वरच्या मोकळ्या जागेत टिश्यू कोंबा म्हणजे हलत नाही.

लोणच्याचं पॅकिंग सगळ्यात मन लावून करा. प्लास्टिकची बरणी, काठोकाठ भरायची नाही, दोन बोटं जागा सोडायची. तोंडाचा काठ कोरडा पुसून घ्यायचा (तेल राहिलं की टेप चिकटतच नाही), तोंडावर प्लास्टिकचा कागद ताणून मग झाकण घट्ट, झाकणाभोवती टेप, मग एक झिपलॉक, त्यावर उलट्या बाजूने दुसरी झिपलॉक, आणि हे सगळं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध. गोडा मसाला पण दोन पिशव्यांत, हवा दाबून काढून, नाहीतर सगळ्या साड्यांना वास.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, तेल भरपूर असल्यामुळे त्या पेट घेऊ शकतात म्हणून भारतातून चेक-इन बॅगेत चालत नाहीत. ताजी फळं, कढीपत्ता, मांसाचं काहीही नको. हापूससाठी कितीही जीव तुटला तरी बॅगेतून आंबा नाही नेता येत. आणि तिकडे उतरल्यावर खायचं काही आहे का असं विचारलं की सरळ हो सांगायचं, मसाले आहेत, लोणचं आहे, लाडू आहेत. लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर बघून सोडतात किंवा एखादी वस्तू काढून घेतात.

भरताना चाकांच्या बाजूला जड सामान, म्हणजे बॅग उभी केली की तोल जात नाही. टी-शर्ट, पायजमे, गाऊन गुंडाळी करून, साड्या सपाट घडी घालून वर. बुटांच्या आत मोजे. जाड स्वेटर अंगावर किंवा हातात, विमानात थंडी वाजतेच. दोघांचे कपडे सगळ्या बॅगांत वाटून घाला, एक बॅग मागे राहिली तरी कोणाचं अडत नाही.

औषधं मात्र सगळी हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. गोळ्या डबीत काढून नेऊ नका, कुठली कशाची ते तिथे कोणाला कळणार. पॉवर बँक पण हातातच, चेक-इनमध्ये चालत नाही. केबिन बॅगेचं वजन बऱ्याच ठिकाणी 7 किलोच असतं आणि ते पण मोजतात. तेल, क्रीम वगैरे 100 मिलीच्या वरची बाटली केबिनमध्ये नाही, लोणचं तर अजिबात नाही.

प्रत्येक बॅग साडेबावीसलाच थांबवा, काट्या-काट्यात फरक असतो. कुलूप टीएसएवालं लावा (टीएसए म्हणजे अमेरिकेत विमानतळावर तपासणी करणारी सरकारी यंत्रणा), ते त्यांच्याकडच्या किल्लीने उघडतं, साधं असेल तर तपासणीत तोडू शकतात. आणि पुढे दुसरं विमान असेल तर आई-बाबांना नीट सांगून ठेवा, अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरतील तिथेच सहसा बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पलीकडे परत द्यायच्या. म्हणूनच बॅगेच्या हँडलला लाल रिबन बांधा आणि चारही बॅगांचे फोटो बाबांच्या मोबाइलमध्ये टाका.