छोट्या हॅचबॅकला घरी टर्बो बसवताय? या चुका टाळा

घरी टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारा पंप) बसवलेलं इंजिन महिन्याभरात बसलं की सगळा दोष टर्बोच्या माथी मारला जातो. इंजिन उघडल्यावर मात्र टर्बोचा शाफ्ट बोटाने सुरळीत फिरतो आणि एखाद्या पिस्टनचा रिंगांमधला कठडा तुटून पडलेला असतो. हवा जास्त आली, तेवढं पेट्रोल आलं नाही किंवा ठिणगी फार लवकर पडली, आणि काही सेकंदांत खेळ संपला.

मूळ चूक कामाच्या क्रमात असते. आधी टर्बो विकत घेतला जातो, मग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून टर्बोकडे जाणारा पाइप) वेल्ड होतं, आणि इंधनाचं ‘नंतर बघू’ म्हणून मागे राहतं. हा क्रम उलटा करा. आधी गेज, मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आणि ट्यून करता येणारा ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर) बसवा आणि काही दिवस गाडी टर्बोशिवाय चालवा. मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखे ईसीयू अशा घरगुती कामातच वाढलेले आहेत. थंड इंजिन लगेच सुरू होतंय, आयडलिंग स्थिर आहे, मिसिंग नाही, एवढं जमलं की टर्बो चढवा. मग पुढे काही बिघडलं, तर दोष नव्या पाइपांत आणि नव्या जोडणीत शोधायचा हे तरी नक्की असतं. गाडी रस्त्यावर न्यायची असेल तर इंजिनातला असा बदल नोंदणीत आणि विम्यात मान्य होतो का, हेही स्पॅनर हातात घेण्याआधी विचारून घ्या.

थकलेल्या इंजिनावर टर्बो

कम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) न करता सुरुवात करू नका. इंजिन गरम असावं, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. फरक जास्त आला तर लीक-डाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरा, आणि हवा कुठून निसटते ते कान लावून ऐका. ऑइल भरायच्या तोंडातून येत असेल तर रिंगा, सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. यातलं काहीही असेल तर आधी ते दुरुस्त करा. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) मिळाल्यावर ते आपोआप बरं होत नाही, झपाट्याने वाढतं.

कम्प्रेशन रेशो विसरणं

साध्या पेट्रोल इंजिनांचा रेशो, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा, आता बहुधा १० ते ११:१ असतो. अशा इंजिनावर टर्बो म्हणजे काय हे १९६२ सालीच दिसलं होतं. ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो असलेल्या पहिल्या प्रवासी गाड्यांपैकी एक. तिचा रेशो १०.२५:१ होता, आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी आपोआप पेटणं) होऊ नये म्हणून कंपनीला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारावं लागत होतं. मालक ती टाकी वेळेवर भरत नसत. १९६३ नंतर ती गाडी बंदच झाली.

मूळ पिस्टन ठेवायचेच असतील तर ०.३ ते ०.४ बार बूस्टच्या वर जाऊ नका (१ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेचा दाब), आणि तेही टायमिंग नीट मागे घेऊन, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडून. त्याहून जास्त हवं असेल तर ८.५ ते ९:१ देणारे फोर्ज्ड पिस्टन टाका. जाड हेड गॅस्केट टाकून रेशो खाली आणण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. पिस्टन आणि हेडमधली जी अरुंद फट मिश्रण घुसळून काढते, तीच त्यामुळे रुंद होते. कागदावर रेशो उतरतो, पण नॉकिंगचा धोका तेवढा उतरत नाही.

इंधनाचा हिशेब

सगळ्यात जास्त इंजिनं इथे मरतात, म्हणून इथे घाई नको.

पहिली गोष्ट प्रेशरची. अनेक छोट्या गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि बाहेरच्या हवेच्या तुलनेत ठरावीक दाब धरून ठेवतो. समजा तो ३ बार आहे. इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या पाइपात) ०.५ बार बूस्ट आला की इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक उरतो २.५ बार. इंजेक्टरचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे पेट्रोल जवळपास ९ टक्के कमी पडतं, तेही नेमकं हवा दीडपट दाबाने आत शिरत असताना. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डशी पाइपाने जोडलेला रेग्युलेटर लावा, म्हणजे बूस्ट वाढेल तितकंच इंधनाचं प्रेशर वाढेल. वाढलेल्या प्रेशरला पंप पुरेसं पेट्रोल देतो का, तेही मोजा.

दुसरी गोष्ट इंजेक्टरची. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीला तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल पितं. १२० अश्वशक्तीचं लक्ष्य असेल तर तासाला ३२ किलोच्या थोडं वर. चार सिलिंडरांत वाटून, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही हे धरून, प्रत्येकी मिनिटाला २३० ते २४० सीसीचा इंजेक्टर लागतो. पाचशे सीसीचे स्वस्तात मिळतात म्हणून बसवू नका, आयडलिंगला ते आवरत नाहीत.

तिसरी गोष्ट सेन्सरची. कारखान्यातून आलेला मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) बहुधा बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच वाचतो. त्याच्या पुढे ईसीयू आंधळा असतो. काही जण सेन्सरचा सिग्नल खोटा करणारी पेटी लावून काम भागवतात. हे धोकादायक आहे. ईसीयूला भार कमी दिसतो, म्हणून तो टायमिंग उलट पुढे नेतो, आणि बूस्टमध्ये नेमकं तेच नको असतं. दोन किंवा अडीच बारचा सेन्सर आणि वाइडबँड लॅम्ब्डा (एक्झॉस्टवरून हवा आणि पेट्रोलचं नेमकं प्रमाण सांगणारा सेन्सर), या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. मूळ नॅरोबँड सेन्सर मिश्रण १४.७:१ च्या आसपास आहे की नाही एवढंच सांगतो. बूस्टमध्ये ११.५ ते १२:१ हवं असतं, आणि तिथे त्याच्या आकड्याला अर्थ नाही.

टायमिंग आणि प्लग

जुना ढोबळ नियम असा: दर ०.०७ बार बूस्टमागे सुमारे १ अंश टायमिंग मागे. हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे. खरं टायमिंग लॉग पाहून आणि नॉक ऐकूनच ठरतं.

प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) घ्या आणि गॅप ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणा. इथे एक साधी गफलत होते: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, तर बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. कंपनी बदलताना उलटाच प्लग बसतो.

थोडा वेळ बूस्टमध्ये चालवल्यावर प्लग काढा आणि भिंगाखाली पांढऱ्या चिनीमातीच्या टोकाकडे बघा. मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकदार बारीक कण दिसले तर तिथेच थांबा. ते चमकणारे कण पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. इंजिनाचा आवाज तोवर अगदी छान येत असतो.

ऑइल परत जाण्याची वाट

टर्बोला ऑइल देणारी नळी सगळे काळजीने जोडतात, परतीच्या नळीकडे दुर्लक्ष होतं. शाफ्ट मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या पुढे जातो आणि बेअरिंगमधून फेसाळ झालेलं ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. परतीच्या नळीचा आतला व्यास १६ ते १९ मिलिमीटर ठेवा. नळीला कुठेही झोळ नको, ती सतत उतरती हवी आणि चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. टर्बोची मधली बॉडी अशी फिरवून बसवा की परतीचं तोंड उभ्या रेषेपासून ३५ अंशांच्या आत राहील.

टर्बोमध्ये इंजिनासारखे रबरी सील नसतात. तिथे पिस्टन रिंगसारख्या बारीक रिंगा असतात, आणि मधल्या बॉडीत ऑइल साचलं तर त्या ते अडवू शकत नाहीत. म्हणून निळा धूर दिसला की टर्बो बदलायला धावू नका. आधी परतीची नळी बघा, मग क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पोकळीचा) दाब. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले वायू इनटेकमध्ये नेणारा) उलट दिशेने बंद होत नसेल तर बूस्ट सरळ क्रँककेसमध्ये जातो, परतीचं ऑइल अडतं, कधी डिपस्टिकच उडून बाहेर येते. तोंडाने फुंकून व्हॉल्व्ह एकाच दिशेने उघडतो ना, ते तपासा. ब्रेक बूस्टरच्या पाइपातला चेक व्हॉल्व्हही याच वेळी बघून घ्या. तो गळका असेल तर ब्रेकचं पेडल जड होतं.

ऑइलच्या जोडांवर सिलिकॉन किंवा टेफ्लॉन टेप वापरू नका, तुकडा सुटून बारीक छिद्रात अडकतो. इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी इंधन आणि इग्निशन बंद ठेवून ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थांबून थांबून मारा. ऑइलची कुठलीही नळी टर्बाइनच्या तापलेल्या बॉडीजवळून जात असेल तर तिला उष्णतेचं आवरण हवंच. गाडीला आग लागते ती याच जागी, म्हणून पहिल्या चाचणीला आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.

डिझेलचा टर्बो पेट्रोलवर

जुन्या डिझेल गाड्यांचे छोटे टर्बो सहज मिळतात, म्हणून मोह होतो. पेट्रोलचा एक्झॉस्ट ९५० अंशांपर्यंत आणि त्याच्याही वर तापतो, डिझेलचा त्यापेक्षा बराच थंड असतो. हलत्या पात्यांचा डिझेल टर्बो या उष्णतेत अडकून बसतो. आणि पात्या बंद स्थितीत अडकल्या तर बूस्ट आवरत नाही. वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा देऊन बूस्ट आवरणारी झडप) असलेला, पेट्रोल गाडीतूनच निघालेला छोटा टर्बो घ्या. मॅनिफोल्ड पातळ पाइपाचं केलं असेल तर टर्बोच्या वजनाला वेगळा आधार द्या, नाहीतर वेल्डला तडा जातो.

बिघाड कसा शोधायचा

बूस्ट कमी येत असेल तर टर्बोच्या तोंडाला झाकण लावून पाइपांत अर्धा बार हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. बहुतेक वेळा एखादा सिलिकॉन होज क्लॅम्पखालून सरकलेला सापडतो. सगळं घट्ट असेल तर वेस्टगेटची झडप पूर्ण बंद होते का बघा, ती झडप हलवणाऱ्या ॲक्च्युएटरच्या दांडीला १ ते २ मिलिमीटर ताण हवा.

बूस्ट वाढतच चालला तर ताबडतोब पाय काढा. एकतर वेस्टगेटची छोटी नळी सुटली आहे, किंवा वेस्टगेटचं भोक लहान पडतंय. ही नळी नेहमी टर्बोच्या कम्प्रेसर बाजूला जोडा, तिच्यावर दुसऱ्या फाट्याचं ओझं टाकू नका, आणि ईसीयूमध्ये बूस्टची कमाल मर्यादा पहिल्या दिवशीच घाला.

गिअर बदलताना गाडी भक्कन अडखळत असेल आणि हवा मोजायला मॅफ सेन्सर असेल, तर ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल मिटल्यावर साचलेला दाब सोडणारा) मोजलेली हवा बाहेर सोडतोय. ती पुन्हा इनटेकमध्ये वळवा.

सकाळी गाडी चांगली पळते आणि दुपारी ओढत नाही, तर हवेचं तापमान बघा. ३० अंशांची हवा ०.५ बारने दाबली की छोट्या टर्बोतून ती ८५ अंशांच्या पुढे तापून बाहेर पडते. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) बसवलेला असूनही आकडा खाली येत नसेल तर बंपरमधून त्याच्यावर वारा पोचतच नाहीये. बाजूच्या फटी पत्र्याने किंवा फोमने बंद करा, म्हणजे हवा वळसा घालून निघून जाणार नाही.

आणि वरच्या गिअरला आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर इंजिन ठीक आहे, क्लचप्लेट घसरतेय. जास्त पकडीची प्लेट टाका, पण कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देणं तरीही टाळा, कारण मूळ कनेक्टिंग रॉड वाकतात ते याच टॉर्कने. ईसीयूमध्ये ३००० आरपीएमच्या खाली बूस्ट कमी ठेवता येत असेल तर ठेवा.