पुस्तकांना नकाशावर बसवताना

ग्रंथालयातली पुस्तकं नकाशावर मांडायची, तर नकाशा तासाभरात होतो. त्याआधी ठिकाणांच्या नावांचा रकाना निस्तरण्यात दोन दिवस जातात. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सुरुवातीलाच सांगून टाकते.

मॅशप म्हणजे दोन ठिकाणची माहिती एकमेकांवर बसवणं. २००५ साली पॉल रेडमाकर यांनी क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या संकेतस्थळावरच्या घरांच्या जाहिराती गुगल मॅप्सवर मांडल्या आणि हा प्रकार गाजला. ग्रंथालयात जाहिरातींच्या जागी आपला कॅटलॉग येतो, इतकंच.

सगळा संग्रह घेऊन बसू नका. पन्नासेक प्रवासवर्णनं पुरेत. कॅटलॉगमधून शीर्षक, लेखक, वर्गांक (पुस्तकाचा कपाटातला क्रमांक) आणि ठिकाण असे चार रकाने सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत काढा. ठिकाण मार्कच्या, म्हणजे ग्रंथालयांच्या नोंदींच्या ठरावीक साच्याच्या, ६५१ या रकान्यातून घ्या. पुस्तक ज्या जागेविषयी आहे ती तिथे असते. २६० किंवा २६४ मधून नाही, तिथे प्रकाशनाचा तपशील असतो. पहिल्या खेपेला मी प्रकाशनस्थळच उचललं होतं. वाळवंटातली भटकंती असो की ध्रुवावरची, निम्म्या पिना लंडन आणि न्यूयॉर्कवर! दिसायला झकास, उपयोग शून्य.

आता नावांपुढे देश लिहा. नुसतं ‘कॅम्ब्रिज’ दिलं, तर इंग्लंडमधलं की मॅसॅच्युसेट्समधलं हे नावावरून अक्षांश-रेखांश शोधणारा प्रोग्राम आपल्या मनाने ठरवतो. अक्षांश-रेखांश दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा. पॅरिस साधारण ४८.८६, २.३५. हेच आकडे उलटे पडले, की पॅरिस सोमालियाच्या पूर्वेला समुद्रात जातं. जिओजेसन या नकाशांच्या फाइलींच्या प्रकारात रेखांश आधी येतो, त्यामुळे ही गफलत हमखास होते. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात पुस्तकांचा ढीग दिसला, तर रिकामे रकाने शून्य धरले गेलेत असं समजा. ०, ० हा बिंदू तिथेच येतो.

फाइल साफ झाली की गुगल माय मॅप्स या स्वतःचे नकाशे बनवायच्या साधनात टाका. एका लेयरला, म्हणजे नकाशावरच्या एका थराला, दोन हजार ओळी चालतात. मला स्वतःला यूमॅप हे तसंच दुसरं साधन आवडतं. त्याच्या पोटात ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा असतो. कोपऱ्यातला ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयनिर्देश मात्र झाकू नका.

पिनेवर टिचकी मारली की शीर्षक, वर्गांक आणि कॅटलॉगमधल्या नोंदीचा दुवा दिसला पाहिजे. दुवा कायमस्वरूपी घ्या. शोध घेताना ब्राउझरच्या पट्टीत दिसणारा पत्ता पुष्कळदा त्या वेळच्या वापरापुरताच असतो. दुसऱ्या दिवशी वाचकाला ‘मुदत संपली’ अशी पाटी दिसते. म्हणून दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा, तेही एक रात्र मध्ये जाऊ देऊन.

वाचक कुठून येतात हेही दाखवावंसं वाटेल. घराघरावर पिना नकोत. विभागवार आकडे द्या, आणि जिथे दोन-तीनच वाचक आहेत तो विभाग शेजारच्यात मिसळा.

नकाशाखाली तीच यादी साध्या तक्त्यातही ठेवा. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला पिना काय कामाच्या? आणि खरं सांगायचं, तर वर्गांक लिहून घ्यायला बाकीचेही तक्त्यावरच येतात.