फोन लॉकरमध्ये ठेवा: पार्कचे व्हिडिओ करणाऱ्यांनी नियम कसे पाळावेत

मी ठाण्यात वर्तकनगरला राहतो. आठवडाभर लिफ्टच्या देखभालीचं काम आणि सुट्टी मिळाली की एखादा पार्क. रोलर कोस्टर कसा चालतो, पाण्याची घसरगुंडी कशी बांधतात, असले व्हिडिओ टाकतो आणि आज ते 40 हजारांच्या आसपास लोक बघतात. त्यात शाळकरी मुलं भरपूर. सगळी मला ‘दादा’ म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी एका कोस्टरवर मी हातात फोन धरून 17 सेकंदांचं शूटिंग केलं होतं. बसण्याआधी ऑपरेटरने ‘फोन ठेवा’ म्हणून सांगितलं होतं. मी खिशात टाकला आणि पहिला चढ संपता संपता बाहेर काढला. ती क्लिप माझ्या बाकी सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त चालली. दोन महिन्यांनी डोंबिवलीच्या एका आईचा मेसेज आला. दहावीतल्या मुलाने दुसऱ्या एका पार्कात तेच केलं, फोन हातातून सुटला आणि खालच्या जाळीवर आपटला. कुणाला लागलं नाही. मुलाला आणि त्याच्या तीन मित्रांना पार्कने बाहेर काढलं. शेवटची ओळ होती, ‘तुमचं बघून त्याने केलं, तुमचा फोन सुटला नाही एवढंच.’

मी ती ओळ बरेच दिवस रोज वाचत होतो. पुढे जे लिहिलंय ते तेव्हापासून ठरवत आणि सुधारत आलोय. तुमचे 500 फॉलोअर असोत की 5 लाख, पद्धत हीच ठेवा.

हातातल्या वस्तू

आधी हिशेब समजून घ्या, म्हणजे नियम जाचक वाटणार नाही. खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिका पार्कमधला नायट्रो कोस्टर ताशी सुमारे 105 किलोमीटर वेगाने जातो. क्रिकेटच्या चेंडूचं वजन साधारण 160 ग्रॅम, आजच्या फोनचं 200 च्या घरात. म्हणजे नायट्रोवरून सुटलेला फोन हा मध्यमगती गोलंदाजाच्या हातून सुटलेला, चेंडूपेक्षा जड आणि कोपरे असलेला दगड. फलंदाजाकडे हेल्मेट असतं, पॅड असतात. खालून रांगेत जाणाऱ्या आजीकडे काय असतं? नायट्रोच्या गाडीला तळही नाही, पाय मोकळे लोंबतात. तिथे सैल चप्पलसुद्धा फोनइतकीच धोक्याची.

म्हणून फोन, चष्मा, टोपी, किल्ल्या, पॉवरबँक सगळं लॉकरमध्ये. चेन लावलेला खिसा चालेल का, असं मला सारखं विचारतात. पार्क चालेल म्हणत असेल तर चालेल, तुम्ही-आम्ही ते ठरवायचं नाही. आणि लॉकर बंद करतानाचे दोन सेकंद व्हिडिओत जरूर घ्या. मी प्रत्येक व्हिडिओत घेतो. मुलांना भाषण ऐकायचं नसतं, पण दादा काय करतो ते ती बरोबर बघतात.

वस्तू पडलीच तर

इथे थोडं थांबून सांगतो, कारण यात माणसं गेली आहेत. 2015 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सीडर पॉइंट पार्कमध्ये एक पाहुणा रॅप्टर नावाच्या कोस्टरच्या कुंपणाच्या आत गेला. राइडवर हरवलेली वस्तू त्याला शोधायची होती. गाडीचा धक्का लागून तो गेला. 2024 च्या जूनमध्ये त्याच राज्यातल्या किंग्ज आयलंडमध्ये बॅन्शी कोस्टरखाली तेच झालं, तिथे किल्ल्या शोधायच्या होत्या. हे दोन्ही कोस्टर उलट्या जातीचे आहेत. गाडी रुळाच्या खाली टांगलेली आणि बसलेल्यांचे पाय तिच्याही खाली. उभ्या माणसाला वाटतं, रूळ तर डोक्यावर कुठेतरी उंच आहे. पण पाय येतात ते डोक्याच्या उंचीवरून.

आमच्या कामात लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं असेल तर दार उघडून आधी हात आत घालून स्टॉप स्विच दाबतात. लिफ्ट खरंच हलत नाही ना, हे तपासतात आणि मगच शिडीवर पाय ठेवतात. वीस वर्षं काम केलेला माणूसही यातली एक पायरी गाळत नाही. कोस्टरचे तंत्रज्ञसुद्धा यंत्र कुलूपबंद केल्याशिवाय कुंपणाच्या आत जात नाहीत. तेव्हा वस्तू पडली की जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा, आसन कितवं होतं आणि कुठल्या वळणावर पडली ते सांगा, मोबाइल नंबर लिहून द्या आणि बाजूला व्हा. कदाचित संध्याकाळी पार्क बंद झाल्यावरच मिळेल. कुंपणाच्या आतून ‘बघा, इथून कसं दिसतं’ असं शूटिंग कधीही करू नका. दुसऱ्या कुणी केलेलं शेअरही करू नका.

परवानगी कशी मागायची

पार्कच्या ईमेलवर आठवडाभर आधी लिहायचं. मी लिहितो ते असं: ‘नमस्कार. मी अमुक तारखेला माझ्या तिकिटावर येतोय. राइडचं शूटिंग बाहेरून, चालायच्या रस्त्यावर उभा राहून करणार आहे. ट्रायपॉड आणणार नाही. राइडवर कॅमेरा बसवायला परवानगी मिळते का? मिळत नसेल तर तसं कळवावं.’ बस, एवढंच. फॉलोअरचा आकडा मी लिहित नाही, आकडा टाकला की विनंतीची मागणी होते.

उत्तर आलंच नाही तर ते ‘नाही’ असं समजायचं. होकार आला तर त्याचा प्रिंट घेऊन जा आणि राइडवरच्या ऑपरेटरला रांगेत शिरण्याआधी दाखवा. त्याने तरीही नको म्हटलं तर नको. त्या फलाटावर गाडी सोडायची की नाही हे तो ठरवतो आणि त्याच्या नजरेला ईमेलमधल्या माणसाला न दिसलेलं काहीतरी दिसत असतं, कधी वारा, कधी पावसाची चाहूल. एकदा अशाच एका पोराने मला हात जोडून सांगितलं, ‘दादा, तुम्ही वरच्यांकडून आणलंय हो, पण गाडी माझ्या हातात आहे.’ तो खालापूरकडचाच असावा, बोलण्यावरून. मी कॅमेरा काढून बॅगेत टाकला.

राइडवरून दिसणारं दृश्य हवंच असेल तर पार्कला विचारा. बरेच पार्क सकाळी गेट उघडण्याआधी रिकाम्या गाडीवर कॅमेरा पक्का बसवून स्वतः शूटिंग करतात आणि मागितलं तर देतातही. ड्रोनचा विषय लवकर संपवतो: 250 ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही म्हणून तो गर्दीवर उडवायची मुभा मिळत नाही. नवी मुंबईत आता विमानतळही सुरू झालाय. घरीच ठेवा.

बाहेरून काय शूट करायचं

नियम पाळले की व्हिडिओ फिका होतो, हा समज खोटा आहे. चढावरचा टक-टक-टक आवाज घ्या. लोकांना वाटतं तो साखळीचा. बहुतेक जुन्या पद्धतीच्या चढांवर गाडीखालची लोखंडी खिटी दातेरी पट्टीच्या एकेका दातावर पडत जाते, त्याचा तो आवाज असतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ती सोय. रुळाला धरणारी चाकं बघा, वर, खाली आणि बाजूला अशी तीन दिशांनी. फलाटावर बसलेल्यांना धरून ठेवणारा प्रत्येक दांडा हाताने खेचून बघणारा कर्मचारी आणि शेवटी त्याने वर केलेला अंगठा. चेहरा दाखवायचा असेल तर आधी विचारा. या तपासणीवर केलेला माझा व्हिडिओ हळूहळू का होईना, त्या 17 सेकंदांच्या पुढे गेला.

उंचीची पट्टी

माझा भाचा दोन सेंटिमीटरने कमी पडला आणि पट्टीपाशीच रडायला लागला. बहीण म्हणाली, ‘अरे, तुला ओळखतात ना ते, सांग की.’ मी नाही सांगितलं. खांद्यावरचा आणि मांडीवरचा दांडा ठराविक शरीरासाठी आखलेला असतो. उंची कमी म्हणजे मांडी आखूड आणि दांडा जिथे टेकायला हवा तिथे टेकत नाही. जाड तळव्याचे बूट घालून पट्टी पार करायच्या युक्त्या सांगणारे व्हिडिओ दिसले की मी थेट रिपोर्ट करतो. भाच्याला त्या दिवशी टॉय ट्रेनमध्ये बसवलं आणि पुढच्या वर्षी पट्टीखाली ताठ उभा राहिलेला त्याचा फोटो काढला.

राइड मध्येच थांबली तर

‘राइड बंद पडली, जीव मुठीत’ असले मथळे कृपा करून देऊ नका. कोस्टरचा रूळ टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा टप्पा मोकळा आहे याची खात्री झाली नाही की यंत्रणा मागची गाडी आपोआप थांबवते. तेव्हा चढावर थांबलेली गाडी बहुतेक वेळा यंत्रणेने तिचं काम केल्यामुळे थांबलेली असते. ती न जुमानल्यावर काय होतं ते 2 जून 2015 ला इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सच्या स्मायलर कोस्टरवर दिसलं. पुढे रुळावर रिकामी गाडी उभी होती, यंत्रणेने भरलेली गाडी रोखून धरली होती आणि कर्मचाऱ्यांनी तो थांबा हाताने ओलांडून ती सोडली. 16 जण जखमी झाले, दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. कंपनीला पुढच्या वर्षी 50 लाख पौंड दंड झाला.

थांबलेल्या गाडीत असाल तर पाठ टेकून बसा, दांड्याला हात लावू नका, सूचनेची वाट पाहा. रांगेत असाल तर ‘चालू करा, चालू करा’ असा ओरडा सुरू करू नका आणि दुसऱ्यांनी केला तर त्यात सामील होऊ नका. ऑपरेटरवर घाईचा दबाव आणणं ही मला या सगळ्यातली सर्वांत वाईट गोष्ट वाटते.

वॉटर पार्क

घोडबंदर रोडचं सूरज असो की मानपाड्याची टिकुजीनी वाडी, उन्हाळ्यात गर्दी असतेच. घसरगुंडीवर आधीचा माणूस खालच्या तळ्यातून बाहेर पडेपर्यंत वरच्याला सोडत नाहीत. ‘दोघे एकत्र जाऊन बघूया’ हे आव्हान कुणालाही देऊ नका, खाली पाठीवर गुडघा बसतो. सेल्फी स्टिक नाही. जीवरक्षकाची मुलाखत घ्यायची असेल तर तो ड्युटीवर नसताना घ्या. तुमच्याशी बोलताना त्याची नजर पाण्यावरून हटली तर त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. आणि भिजलेल्या कपड्यांतल्या बायका-मुली, परक्यांची लहान मुलं, कुणीही मागच्या बाजूला येत असेल तर कॅमेरा बंद. चेहरा धूसर करण्याचा पर्याय मी ठेवतच नाही.

फुकटचा पास आणि चाहते

पार्कने पास, जेवण, गाडीभाडं, काहीही दिलं असेल तर ते सुरुवातीलाच बोलून सांगा आणि पडद्यावरही लिहा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांत ‘मोबदला’ या शब्दात फुकट वस्तू आणि सहलीही धरल्या आहेत आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत खुलासा हवा. व्हिडिओ मराठीत आणि खुलासा खाली कोपऱ्यात इंग्रजीत, असं करू नका. मी म्हणतो, ‘आजचा पास पार्कने दिलाय.’ पास दिला म्हणून लांब रांग किंवा बंद राइड लपवायची नाही.

चाहत्यांना भेटायचं असेल तर गेटबाहेर, सकाळी. रांगेत कुणी ‘दादा, पुढे या ना’ म्हणालं तर आभार मानून आपल्या जागेवर उभं राहायचं. मागे उभ्या असलेल्या बापाने दोन लेकरांना घेऊन चाळीस मिनिटं काढलेली असतात.

जुने व्हिडिओ

हे सगळ्यात आधी करा, आज रात्रीच. सगळी यादी उघडा आणि नियम मोडलेला दिसेल तो प्रत्येक व्हिडिओ काढून टाका. ‘शिकण्यासाठी ठेवलाय’ असं खाली लिहून ठेवू नका. माफीचा व्हिडिओ केलात तर त्यात ती क्लिप पुन्हा दाखवू नका, कारण लोक तेवढाच तुकडा कापून पुढे पाठवतात. मी नुसता बोललो, दोन मिनिटं, आमच्या बाल्कनीत बसून. त्या आईला आधी पाठवला, तिचा होकार आल्यावर टाकला.

त्या 17 सेकंदांच्या प्रती मात्र दुसऱ्यांनी कधीच उतरवून घेतल्या होत्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्या शोधतो, टाकणाऱ्याला आधी नीट विनंती करतो, नाही ऐकलं तर रिपोर्ट करतो. या महिन्यात दोन सापडल्या. एकाने लगेच काढली, दुसऱ्याचं उत्तर अजून यायचंय.