जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये एलईडी बल्ब कसे बसवावेत

डॅशबोर्डचा उजेड मंदावला म्हणून लगेच बल्ब बदलायला घेऊ नका. चाळीस-पन्नास वर्षांच्या पद्मिनीत किंवा अँबेसेडरमध्ये होल्डरला गंज चढलेला असतो, अर्थिंग सैल झालेले असते, मीटरच्या आतला पांढरा रंग पिवळा पडलेला असतो. मल्टीमीटर घ्या, दिवे लावा आणि बॅटरीवरचे व नंतर होल्डरवरचे व्होल्टेज मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर आधी वायरिंग आणि अर्थिंग बघा. एलईडीला वीज इतकी कमी लागते की खराब अर्थिंगवरही तो झगझगीत पेटतो. दोष मात्र झाकून राहतो आणि पुढे पेट्रोलच्या किंवा तापमानाच्या काट्यावर निघतो.

मग एलईडी कशाला? मुख्य कारण उष्णता. जुना २ ते ४ वॉटचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवतो. त्या धगीने मीटरमागची रंगीत फिल्टरं भाजून निघतात, प्लॅस्टिक वाकते. पद्मिनीची मूळ, न तडकलेली मीटर आता सहज मिळत नाहीत, त्यामुळे आहेत ती जपायला हवीत. आणि कात्रजच्या जुन्या घाटात रात्री स्पीडोमीटर नीट वाचता येतो, हेही काही थोडे नाही.

खरेदीला जाण्याआधी एक बल्ब काढून खिशात टाका. पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचे नाव सांगण्यापेक्षा बल्ब दाखवलेला बरा, कारण इतक्या वर्षांत कोणी काय बसवले असेल सांगता येत नाही. साधारण तीन प्रकार दिसतात: दोन बाजूंना पिना असलेला, दाबून फिरवायचा (बीए९एस); आट्यांचा (ई१०); आणि टोपी नसलेला, नुसत्या काचेचा (टी१० किंवा त्याहून बारीक टी५). गाडी १२ व्होल्टची आहे ना, हेही पाहा. जुन्या बीटलसारख्या काही गाड्या ६ व्होल्टच्या असत. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. तिथे पिनांचा किंवा आट्यांचा साधा एलईडी पेटणारच नाही, दोन्ही दिशांनी चालणारा मागून घ्यावा लागतो.

आकार जुळला तरी उजेडाची दिशा बघा. तारेचा बल्ब चहूकडे प्रकाश फेकतो आणि मीटरच्या आतला पांढरा रंग तो डायलभर पसरवतो. फक्त टोकाला चिप असलेला एलईडी बसवला तर एका कोपऱ्यात झगझगाट आणि उरलेल्या डायलवर अंधार. म्हणून बाजूंनाही चिपा असलेला घ्या. तो मूळ बल्बपेक्षा लांब नसावा, नाहीतर आत डायलला टेकतो. रंगाबाबत माझे मत ठाम आहे: डायलसाठी वॉर्म व्हाइट, सुमारे ३००० केल्विन. निळसर पांढऱ्या उजेडात जुन्या गाडीचा चेहराच हरवतो. इशाऱ्याच्या दिव्यांना मात्र काचेच्या रंगाचाच एलईडी लावा. लाल काचेमागे लाल, अप्परच्या (हाय बीमच्या) निळ्या काचेमागे निळा. वॉर्म व्हाइट निळ्या काचेतून फारच फिका दिसतो.

आता काम. बॅटरीची अर्थची केबल काढा. मीटरमागच्या वायरींचे फोटो घ्या. मीटर बाहेर ओढण्याआधी स्पीडोमीटरची केबल मागचा नट सोडवून मोकळी करा. काही गाड्यांत तापमानाच्या मीटरला बारीक तांब्याची नळी असते. ती मुडपली किंवा तुटली तर मीटर गेलाच म्हणून समजा. अशा गाडीत मागून हात घालून होल्डर तेवढे ओढून काढा, मीटर जागचा हलवू नका. होल्डर बारीक पॉलिश पेपरने घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. मीटर उघडत असेल तर आतून पांढरा रंग पुन्हा द्या. एवढ्यानेच उजेडात मोठा फरक पडतो. एलईडी बसवला की बॅटरी जोडून दिवा लावून पाहा. काचेचा प्रकार पेटला नाही तर काढून उलटा घाला. सगळे पेटल्याखेरीज मीटर परत बसवू नका.

एका दिव्याला मात्र हात लावू नका: चार्जिंगचा लाल दिवा. ऑल्टरनेटरच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) अनेक गाड्यांत याच बल्बमधून जाणारा करंट ऑल्टरनेटरला चार्जिंग सुरू करून देतो. २.२ वॉटच्या बल्बमधून सुमारे १८० मिलिअँपियर जातात, एलईडीमधून त्याचा अगदी थोडा भाग. मग इंजिन सुरू होते, पण रेस वाढवेपर्यंत चार्जिंग होत नाही, कधी कधी अजिबातच होत नाही. एलईडी लावायचाच असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर जोडावा लागतो. तो पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळेल, पण तापतो, म्हणून प्लॅस्टिकपासून दूर बसवायला हवा. माझा सल्ला, तिथे तारेचाच बल्ब ठेवा. ऑल्टरनेटरऐवजी डायनामो असलेल्या गाडीत चार्जिंग या बल्बवर अवलंबून नसते, पण तिथेही बदलण्याची गरज नाही.

डॅशबोर्डचा उजेड कमी-जास्त करणारे जुने बटण म्हणजे तारेचा रेझिस्टन्स असतो. एलईडीवर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. त्याच लाइनवर एखादा जुना बल्ब राहू दिला तर थोडा फरक पडतो. नाहीतर एलईडीसाठीचा वेगळा डिमर लावा.

इंडिकेटरचा दिवा डावी-उजवीकडे एकच असेल तर तो बहुधा दोन्ही बाजूंच्या वायरींमध्ये जोडलेला असतो. एका बाजूला वळताना करंट एका दिशेने जातो, दुसऱ्या बाजूला उलट. साधा एलईडी एकाच बाजूला लुकलुकेल, म्हणून इथेही दोन्ही दिशांनी चालणाराच हवा. बाहेरचे इंडिकेटर बल्ब तसेच ठेवले तर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बदलावा लागत नाही.

शेवटी इंजिन सुरू करून बॅटरीवर मोजा. ऑल्टरनेटरच्या गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. रेडिओ असेल तर दिवे लावून तोही ऐका. खरखर वाढली तर एकेक एलईडी काढत जा आणि ज्याने ती थांबेल तो दुकानात परत करा.