पावसात मोरीतून मैलापाणी उलटं येतंय? या चुका टाळा

मुंबईत तळमजल्यावर राहणाऱ्याला दर जुलैत दोन पाण्यांची धास्ती असते. उंबऱ्यावरून शिरणारं गढूळ पाणी फळी लावून, वाळूच्या पिशव्या रचून थोडंफार थोपवता येतं. मोरीच्या जाळीतून गुडगुड करत वर येणाऱ्या काळ्या पाण्याला दाराशी काही देणंघेणं नसतं. कागदोपत्री मुंबईत मलवाहिनी वेगळी आणि पर्जन्यवाहिनी वेगळी. पण पावसाचं पाणी चेंबरच्या फटींतून, फुटक्या झाकणांतून, नको तिथे केलेल्या जोडण्यांतून मलवाहिनीत घुसतं. लाईन तुडुंब भरली की पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडतं. ते तोंड तुमच्या मोरीच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपचं असतं.

निदान न करताच प्लंबर बोलावणं

‘बाथरूम तुंबलंय’ एवढंच सांगितलं की प्लंबर स्प्रिंग घालून फिरवतो, पैसे घेतो आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. आधी स्वतः पाहा. कोरड्या दिवशीही एकाच मोरीचं पाणी हळू जात असेल, तर कचरा तुमच्याच पाईपात आहे. घरातला एकही नळ उघडा नसताना सगळ्या जाळ्यांतून एकदम पाणी वर येत असेल, तर दोष बाहेर आहे. मग इमारतीजवळच्या चेंबरचं झाकण उचलून बघायचं. चेंबर रिकामं दिसलं तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मध्ये. काठोकाठ भरलेलं असेल तर पुढे, रस्त्याच्या बाजूला. रस्त्याखालच्या लाईनचं काम पालिकेचं, त्यासाठी 1916 वर तक्रार नोंदवा. मात्र ही पाहणी मे महिन्यात, उजेडी करायची. कंपाऊंडमध्ये गुडघाभर पाणी असताना नव्हे.

पुष्कळ सोसायट्यांत तर चेंबर सापडतच नाही. अंगण सुंदर दिसावं म्हणून झाकणांवरून पेव्हर ब्लॉक घातलेले असतात. ठेकेदाराला दोष देऊन उपयोग नाही, त्याला ते कोणीतरी सांगितलेलं असतं.

गच्चीचा पाईप मैल्याच्या चेंबरमध्ये सोडणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 5,000 लिटर पाणी खाली येतं. ते मलवाहिनीच्या चेंबरमध्ये उतरत असेल, तर तळमजल्याच्या घरात येणारं पाणी रस्त्यावरचं नाही, आपल्याच गच्चीचं आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. तसा दिवस उजाडला तर कुठलीच जोडणी पुरी पडणार नाही. पण एरवीच्या जोरदार सरींत घर बुडत असेल, तर पावसाच्या पाईपचं खालचं टोक कुठे जातं ते आधी शोधा. बादलीभर पाण्यात रंग कालवून गच्चीच्या पन्हळीत ओता आणि खाली चेंबरमध्ये रंग दिसतो का, हे पाहायला एकाला उभं करा.

साचलेलं पाणी जावं म्हणून झाकण उचलणं

कंपाऊंडचं पाणी पाच मिनिटांत ओसरतं, म्हणून हा उपाय सगळ्यांना आवडतो. ते पाणी मलवाहिनीत जातं आणि तुमच्या किंवा शेजारच्या इमारतीच्या मोरीतून वर येतं. शिवाय उघडं तोंड पाण्याखाली दिसत नाही. ऑगस्ट 2017 मधल्या पुरात मुंबईतल्या एका नामवंत डॉक्टरांचा अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून जीव गेला.

जाळीवर वीट ठेवणं

वजन कमी पडतं असं नाही. चार इंची पाईपमधून फूटभर उंचीचा दाब आला तरी तो तीनेक किलोच्या आतबाहेर असतो. एक भरीव वीट तेवढी असते. कमी पडते ती सील. फडकं आणि वीट यांच्या फटीतून पाणी पाझरत राहतं. चार इंची ट्रॅपमध्ये बसणारा, पिळून फुगवता येणारा रबरी प्लग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो आणा आणि प्रत्येक जाळीला एक लावा. एक सोडलात तर तिथून येईल. कमोड जमिनीपासून उंच असल्यामुळे त्याची पाळी सर्वांत शेवटी येते, पण येते. प्लग लावलेला असताना त्या मोरीत पाणी ओतायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

व्हॉल्व्ह चुकीच्या जागी बसवणं

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप, हा पक्का उपाय. पण तो इमारतीच्या मुख्य लाईनवर बसवला, तर बाहेरचं पाणी अडल्यावर वरच्या मजल्यांची अंघोळ, भांडी, कमोडचं पाणी जाणार कुठे? झडप बंद, त्यामुळे ते सगळं तळमजल्यावर. व्हॉल्व्ह बसवला, तरी पाणी आलं, अशी तक्रार ऐकली की आधी त्याची जागा विचारावी. तळमजल्याची लाईन वरच्या उभ्या पाईपापासून वेगळी काढून थेट चेंबरला न्यायची आणि व्हॉल्व्ह फक्त त्या लाईनवर, चेंबरच्या तोंडाशी, हात पोचेल असा बसवायचा. तरीही झडप बंद असेतोवर तळमजल्यावाल्यांनी स्वतःचा नळ सोडायचा नाही. झडपेत केसांचा गुंता किंवा पॅड अडकला की ती अर्धवट उघडी राहते, म्हणून दर मेमध्ये उघडून धुवायची.

बाकी तेल, पीठ, ओले वाइप्स सिंक-कमोडमध्ये न टाकणं हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळेच टाकतात. लाईन साफ करायला जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्याने पाईप धुणारी गाडी मागवा. संरक्षक साधनांशिवाय चेंबरमध्ये माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि आतल्या वायूने काही क्षणांत जीव जाऊ शकतो.

पाणी ओसरल्यावर लगेच पंप सुरू करणं

जमिनीखालच्या टाकीचं झाकण अंगणाच्या पातळीला असेल, तर मैलापाणी त्यात गेलेलं असू शकतं. पंप चालू केलात की ते गच्चीच्या टाकीत आणि तिथून प्रत्येक घरात. आधी टाकी रिकामी करून धुवा, क्लोरीन घाला, पिण्याचं पाणी काही दिवस उकळा. घरात पाणी असताना मेन स्विच बंद ठेवा. त्या पाण्यात पाय गेले असतील आणि पायाला जखम असेल, तर 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा तापाचा आजार) प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. ताप येण्याची वाट पाहू नका. आणि टाकीचं झाकण पुढच्या मेआधी वीतभर उंच बांधून घ्या.